एका पंपात दोन औषधे



फवारणीच्या पंपात दोन औषधे एकत्र घालायची झाली, तर तुम्ही आधी चार ठिकाणी विचारता. गंधक मारल्यावर लगेच तेलाची फवारणी केली तर पाने करपतात. बोर्डो मिश्रणात भलतेच कीटकनाशक घातले तर त्याचा जोर निघून जातो. हे तुम्हांला कोणी शिकवायला नको. एकेकटे औषध चांगले असते. पण दोघांची गाठ पडली की तिसरेच काही घडते. पिकाच्या बाबतीत एवढी काळजी घेणारी आपली माणसे स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र हा नियम विसरतात. सकाळी डॉक्टरांनी दिलेली उदासीनतेवरची गोळी, दुपारी तंबाखूचा बार, संध्याकाळी देशीचा पेला. पंप एकच आणि औषधे तीन!

नैराश्यावरची औषधे आणि नशेचे पदार्थ शरीरात एकत्र आले म्हणजे काय होते, हे आज पाहू. माणसाला मुद्दाम धोक्यात घालून असा प्रयोग करता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी ही पारख आधी प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांवर केली. सुमारे सत्तर वर्षे हे काम चालू आहे. त्यातून जे कळले ते आपल्या घरापर्यंत पोचायला हवे, कारण गोळी आणि नशा दोन्ही आता गावात आहेत.

विहीर, वाफा आणि मोटर

आधी एक गैरसमज काढून टाकू. गावात या गोळ्यांना ‘डोक्याच्या गोळ्या’ म्हणतात, कोणी ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणतात. नैराश्यावरची गोळी ही झोपेची गोळी नव्हे आणि नशेचीही नव्हे. ती घेतल्याबरोबर गुंगी चढत नाही, की आनंद होत नाही. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. ती काम कशी करते हे समजायला आपल्या मळ्याचेच उदाहरण घेऊ.

मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. एक पेशी दुसरीला निरोप देते, तेव्हा मधल्या बारीक फटीत एक रसायन सोडते. त्यांतल्या एका रसायनाचे नाव सेरोटोनिन. आता पहिली पेशी म्हणजे विहीर समजा, मधली फट म्हणजे वाफा आणि सेरोटोनिन म्हणजे पाणी. विहिरीतून पाणी वाफ्यात आले, वाफा भिजला, की निरोप पोचला. उरलेले पाणी फुकट जात नाही. ते परत विहिरीत ओढून घेणारी एक मोटर पेशीच्या काठावरच बसवलेली आहे. आणि विहीर तुडुंब भरू नये म्हणून आत एक झिरपाही आहे. त्यातून जादा पाण्याचा निचरा होतो. हा झिरपा म्हणजे एमएओ नावाचे द्रव्य. ते पेशीतले जादा सेरोटोनिन मोडून टाकते.

नैराश्यावरच्या औषधांच्या अनेक जाती आहेत, पण आज आपल्याला दोन लक्षात ठेवायच्या आहेत. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही आज सर्रास दिली जाणारी औषधे मोटरीचे तोंड बंद करतात. त्यामुळे पाणी वाफ्यात जास्त वेळ टिकते. दुसरी जात जुनी. ती झिरपा बुजवते. त्यामुळे विहिरीतच पाणी वाढते. या दुसऱ्या जातीला एमएओ-रोधक म्हणतात. ही औषधे आता फार क्वचित दिली जातात. दोन्हींचा हेतू एकच, वाफ्याला पाणी पुरवणे. पण नशेचा पदार्थ आत शिरला की दोन्हींचे वागणे अगदी उलट होते. ते पुढे येईलच.

सुरुवात आपल्या सर्पगंधेपासून

या संशोधनाची सुरुवात एका अर्थाने आपल्याच रानातल्या मुळीपासून झाली. सर्पगंधेची मुळी वेड, निद्रानाश, सर्पदंश यांवर आपल्याकडे पूर्वीपासून वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ती रक्तदाबावर कशी उपयोगी पडते हे एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे तिच्यातून रेसर्पिन हा अर्क वेगळा काढण्यात आला.

हे रेसर्पिन ससे-उंदरांना टोचले, की ते मलूल होऊन बसत. पापण्या मिटत, हालचाल मंदावे. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेथेस्डा येथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की रेसर्पिनमुळे मेंदूतला सेरोटोनिनचा साठाच रिकामा होतो. पण खरी गंमत पुढे होती. जनावराला आधी झिरपा बुजवणारे औषध दिले आणि मग रेसर्पिन टोचले, तर ते मलूल होण्याऐवजी उलट चेकाळले! तेच रेसर्पिन, जनावरही त्याच जातीचे. फक्त आत आधी दुसरे औषध होते.

यातून जो धडा मिळाला तो आजही खरा आहे: कोणताही पदार्थ शरीरात काय करील हे केवळ त्या पदार्थावर ठरत नाही. शरीरात आधीपासून काय आहे, यावरही ते ठरते.

एक गोळी नशा अडवते, दुसरी जीव घेते

१९८० च्या दशकात अमेरिकेत एमडीएमए किंवा ‘एक्स्टसी’ नावाच्या नशेच्या गोळीचे पेव फुटले. तिने मेंदूला इजा होते का, हे पाहण्यासाठी ती उंदरांना टोचण्यात आली. मोठे डोस दिलेल्या उंदरांच्या मेंदूतले सेरोटोनिन पुढे कितीतरी दिवस खालावलेले राहिले. हे का होते? तर ही नशा मोटरीच्याच तोंडातून पेशीत शिरते आणि मोटर उलटी फिरवते. फेज उलटी लागली की मोटर उलटी फिरते ना, तसेच. मग विहिरीतले पाणी भसाभस वाफ्यात येते आणि मागे विहीर कोरडी पडते.

शास्त्रज्ञांनी उंदरांना एक्स्टसीबरोबर फ्लुओक्सेटिन दिले. मोटरीचे तोंडच बंद. नशेला आत शिरायला वाट नाही. उंदरांच्या मेंदूतले सेरोटोनिन बरेचसे शाबूत राहिले. फ्लुओक्सेटिन काही तासांनी उशिरा दिले तरी उपयोग झाला. पुढे २००० साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिक येथे निरोगी माणसांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाहणी झाली. सिटालोप्राम हे याच जातीचे औषध आधी दिल्यावर माणसांनाही एक्स्टसीची नशा कमी चढली.

हे वाचून कोणी म्हणेल, ‘मग काय, गोळी चालू असली म्हणजे नशेची भीती नाही!’ थांबा. इथेच फसगत होते. नशा चढत नाही म्हणून माणूस दुसरी गोळी खातो, मग तिसरी. शिवाय याच जातीतली पॅरॉक्सेटिनसारखी औषधे यकृतातल्या ज्या यंत्रणेने नशेचा निचरा व्हायचा, तिलाच अडवून धरतात. म्हणजे डोक्याला नशा जाणवत नाही, आणि रक्तात मात्र ती साचत जाते. हृदयाची धडधड, रक्तदाब, अंगाची उष्णता यांवरचा धोका संपत नाही.

आता दुसरी जात पाहा. एमएओ-रोधकाने झिरपा बुजलेला आहे. विहीर काठोकाठ भरलेली आहे. त्यात एक्स्टसीने मोटर उलटी फिरवली. मग वाफा भिजत नाही, बांधच फुटतो. उंदरांत हे चित्र फार आधी दिसले होते. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात उंदरांना एमएओ-रोधक आणि ज्यापासून सेरोटोनिन बनते ते ट्रिप्टोफॅन असे दोन्ही एकत्र दिले गेले. ते उंदीर सैरावैरा धावू लागले आणि त्यांचे अंग तापले. अशा उंदरांचे डोके एकसारखे डावी-उजवीकडे डोलते, पुढचे पाय जागच्या जागी तुडवल्यासारखे चालतात, अंग थरथरते. माणसांतल्या अशा अवस्थेला आज ‘सेरोटोनिन सिंड्रोम’ म्हणतात. फिनलंडमध्ये मोक्लोबेमाइड हे याच जातीचे औषध आणि एक्स्टसी एकत्र घेतलेल्या चार माणसांचे मृत्यू २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. उंदरांनी तीस वर्षे आधी दिलेला इशारा तो हाच.

उन्हाचाही यात वाटा आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत खोलीची उष्णता थोडी वाढवली, तर त्याच डोसाने उंदराचे अंग जास्त तापले आणि मेंदूची हानीही वाढली. खोली थंड ठेवली तर हानी कमी झाली. आपल्या वैशाखाची आठवण ठेवा, म्हणजे याचा अर्थ ध्यानात येईल.

‘एक्स्टसी शहरातली, आमच्या गावात कुठली?’ असे म्हणू नका. ‘एमडी’ नावाने विकले जाणारे मेफेड्रोन आपल्या राज्यात पसरले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पोलिसांनी त्याचा मोठा साठा पकडला. एमडी आणि एमडीएमए या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पण एकाच कुळीतल्या. २०११ मध्ये उंदरांवर झालेल्या अभ्यासात मेफेड्रोनने मेंदूतले सेरोटोनिन तर वाढवलेच, शिवाय चटक लावणारे डोपामिन हे दुसरे रसायनही झपाट्याने वाढवले. शिक्षणासाठी बाहेर राहणारा मुलगा नैराश्यावर औषध घेत असेल, तर घरच्यांनी ही गोष्ट त्याच्याशी मोकळेपणाने बोलावी.

दारू आणि गोळी

आपल्या घरांतला मोठा प्रश्न मात्र दारूचा. दारूच्या अभ्यासासाठी फिनलंडमध्ये १९६० च्या दशकात दारूची आवड असलेले उंदीर निवडून, त्यांची पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून एक वाणच तयार केला गेला. आपण बियाणे निवडतो तसा! पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातही असा वाण झाला. या दारुड्या उंदरांना फ्लुओक्सेटिन दिल्यावर ते दारू कमी पिऊ लागले. मोठी आशा वाटली, की नैराश्याची गोळीच दारूही सोडवील.

पण असे औषध दिलेल्या उंदरांचे खाणेही कमी झाले, असे अनेक अभ्यासांत दिसले. म्हणजे त्यांची दारूवरची वासना गेली, की एकूण भूकच मंदावली, हा प्रश्न राहिला. माणसांत तर गुण तुटपुंजाच दिसला. काहींची दारू थोडी कमी झाली, अनेकांची नाही, आणि काही प्रकारच्या रुग्णांत परिणाम उलटाही दिसला. २०१३ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दारूची सवय लागलेल्या उंदरांची दारू तोडली आणि त्या काळात त्यांना नैराश्यावरचे औषध दिले. पुढे दारू पुन्हा समोर ठेवली, तेव्हा ते उंदीर आधीपेक्षा जास्त प्यायले.

याचा अर्थ गोळी वाईट असा नाही. नैराश्य असलेल्या माणसाला तिची गरज असतेच. याचा अर्थ एवढाच, की गोळी चालू झाली म्हणजे दारू आपोआप सुटेल, या भरवशावर घरच्यांनी राहू नये. दारूचा इलाज वेगळा करावा लागतो, आणि दोन्ही इलाज एकत्र चालावे लागतात. दारू स्वतःच मन खाली ओढते. मग गोळीने चार पावले वर चढवलेला माणूस रात्री पुन्हा खाली घसरतो. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांवर दारू घेतली, तर गुंगी दुप्पट होते. अशा माणसाने ट्रॅक्टर चालवणे किंवा रात्री विहिरीवर मोटर सुरू करायला जाणे म्हणजे संकटाला आवतण.

तंबाखू, बिडी आणि भांग

ब्युप्रोपिऑन या गोळीची कथाही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत ती १९८५ मध्ये नैराश्यासाठी मंजूर झाली, काही रुग्णांना आकडी आल्यामुळे १९८६ मध्ये थांबवली गेली, आणि १९८९ मध्ये डोस कमी करून पुन्हा आली. ती घेणाऱ्या काही रुग्णांची सिगारेट सुटू लागल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले आणि १९९७ मध्ये ती धूम्रपान सोडवण्यासाठी मंजूर झाली. कळ दाबून निकोटिन घेणाऱ्या उंदरांवर तिचा प्रयोग केला, तेव्हा जास्त डोसाने त्यांचे निकोटिन घेणे कमी झाले. पण कमी डोसाने उलट वाढलेले दिसले! डोस का सांभाळायचा, हे यावरून कळते. आणि दारू एकाएकी तोडणाऱ्याला ही गोळी देत नाहीत, कारण आकडीचा धोका वाढतो. म्हणूनच डॉक्टर ‘दारू घेता का?’ असे विचारतात. ती चौकशी तुमची अब्रू काढण्यासाठी नसते.

बिडीचा धूर यकृताला काही औषधे लवकर मोडायला लावतो. ड्युलॉक्सेटिनचे रक्तातले प्रमाण धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे एक तृतीयांशाने कमी राहते. हा परिणाम धुराचा आहे, चघळण्याच्या तंबाखूचा नाही. म्हणून बिडी सोडली, तर तेही डॉक्टरांना सांगा; रक्तातले औषध वाढू शकते. आणि शिवरात्रीची किंवा धुळवडीची भांग? अमिट्रिप्टिलिनच्या कुळातल्या गोळीवर गांजा-भांग घेतल्याने छाती जोरात धडधडू लागल्याच्या नोंदी माणसांत झालेल्या आहेत.

उंदराचे कुठवर ऐकावे?

उंदीर माणूस नव्हे, हेही विसरू नये. उंदराचे शरीर नशेचे पदार्थ वेगळ्या वेगाने मोडते, आणि बऱ्याच वर्षांपर्यंत असे बहुतेक प्रयोग नर उंदरांवरच झाले. १९७७ मध्ये फ्रान्समध्ये पोर्सोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी काढली. उंदराला पाण्याच्या उभ्या भांड्यात सोडायचे आणि तो किती वेळ धडपडतो, किती वेळ नुसता तरंगतो, ते मोजायचे. नैराश्यावरचे औषध दिलेला उंदीर जास्त वेळ धडपडतो. पण गंमत अशी, की उत्तेजक नशा दिलेला उंदीरही जास्त वेळ धडपडतो! तो बरा झालेला नसतो. नुसता पळत सुटलेला असतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याची साधी हालचाल वेगळी मोजून खात्री करून घेतात.

आपल्यालाही हीच पारख हवी. पेला पोटात गेल्यावर बोलू-हसू लागलेला माणूस बरा झालेला नसतो. आठ-पंधरा दिवस नीट झोपतो, जेवतो, कामाला लागतो, पोराबाळांशी बोलतो, तो बरा होऊ लागलेला असतो.

घरच्यांनी काय करावे

१. डॉक्टरांना सगळे सांगा. दारू, बिडी, तंबाखू, मिश्री, भांग, दुसऱ्या डॉक्टरांची औषधे, जडीबुटी, यांपैकी काही लपवू नका. माणूस स्वतः सांगत नसेल, तर बायकोने, आईने किंवा भावाने सांगावे.

२. आज प्यायची आहे म्हणून गोळी टाळायची, ही युक्ती चालत नाही. फ्लुओक्सेटिनचा अंमल शरीरात कित्येक दिवस राहतो. आणि गोळी मध्येच तोडल्याने आजार उलटतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका.

३. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडू नये. आकडी, भ्रम होऊ शकतो. ती दवाखान्याच्या देखरेखीखाली सोडवावी.

४. पाठदुखीसाठी ट्रामाडॉल आणि खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली औषधे सेरोटोनिन वाढवतात. नैराश्याची गोळी चालू असताना ती दुकानातून परस्पर आणू नका.

५. अंग एकदम तापले, दरदरून घाम, थरथर, स्नायू ताठ, जुलाब, बडबड किंवा बेचैनी अशी लक्षणे दिसली, तर ‘बाहेरची बाधा’ म्हणत वेळ घालवू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा.

६. औषधांचा डबा घरातल्या एका जबाबदार माणसाच्या हाती द्या, आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवा. खचलेल्या मनाला नशेची जोड मिळाली, की क्षणात भलता विचार येतो. तो क्षण टळला, तर माणूस वाचतो.

७. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नका. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, बिनपैशाची. मराठीतून बोलता येते.

फवारणी करण्याआधी तुम्ही डब्यावरची चिठ्ठी वाचता आणि कळले नाही तर जाणत्याला विचारता. तेवढेच घरातल्या माणसासाठी करा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल, तेव्हा गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या, आणि जे खिशात असते, बाटलीत असते, चंचीत असते, तेही डॉक्टरांपुढे बोलून टाका.